कंट्रोल ग्रुप आधीच तयार होता



जग संपल्यानंतरच्या गोष्टी सध्या आपली तरुण मुलं आवडीने बघतात. साथ येते किंवा बॉम्ब पडतो, शहरं ओस पडतात. वाचलेले लोक मोठ्या भिंतीआड राहतात. भिंतीबाहेर असे लोक असतात, ज्यांना आतले लोक माणसात धरत नाहीत. मग एक शास्त्रज्ञ येतो. तो बाहेरच्यांना पकडून तळघरात नेतो, त्यांच्या शरीरावर प्रयोग करतो आणि सांगतो की मी जग वाचवतोय.

या गोष्टींवर माझा आक्षेप एवढाच की त्यात हे सगळं जग संपल्यावर घडतं. भिंतीच्या आतले आणि बाहेरचे ही विभागणी करायला आपल्याकडे कधी जगबुडीची गरज पडली नाही. आपल्या भाषेत त्या भिंतीला गावकूस म्हणतात. पराभूत होऊन विखुरलेल्या टोळ्यांतली माणसं गावाबाहेर वसवली गेली, अशी मांडणी बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना केली. म्हणजे आपल्या पूर्वजांचं जग कधीच संपलेलं होतं. ते त्यानंतरच्या काळातच जगत होते.

मागे एकदा शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर क्रांती चौकात धरणं होतं. १८५७ च्या बंडात मारल्या गेलेल्या शिपायांची आठवण या चौकाशी जोडलेली आहे. धरणं उठल्यावर आम्ही टपरीवर चहा घेत होतो. पोरांची अशाच एका मालिकेवर चर्चा रंगली. एक मुलगा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा, मला म्हणाला, "ताई, तो शास्त्रज्ञ वाईटच होता, पण त्याचा नाइलाज होता. दहा मेले तरी लाख वाचणार होते ना?"

मी म्हटलं, "ते दहा कुठून आणले होते?"

तो म्हणाला, "बाहेरचेच. तसेही मरणारच होते ते."

"तसेही मरणारच होते" या तीन शब्दांवर मी हा लेख लिहितेय. कारण आपल्या मराठवाड्यात जो प्रयोग झाला, त्याच्या समर्थनात सभ्य भाषेत जवळपास हेच सांगितलं गेलं आहे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो अभ्यास. पैसा गेट्स फाउंडेशनचा. खेड्यांचे ५२ गट पाडले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे गट चार भागांत विभागले गेले. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी तपासणी. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे अ‍ॅसिड. चौथ्या भागात कुठलीच तपासणी नाही. हा चौथा भाग म्हणजे कंट्रोल ग्रुप, तुलनेसाठी ठेवलेला. त्यात ३१,४८८ बायका होत्या.

निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४ जणी गेल्या. जगाला कळलं की ही चाचणी जीव वाचवते. हे कळलं कशावरून? ज्यांची तपासणी केली नाही, त्यांच्या मृत्यूंच्या मोजणीवरून.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून असाच दुसरा अभ्यास चालू होता. त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा होता. तिथे ७५,३६० बायकांची तपासणी झाली आणि ७६,१७८ कंट्रोलमध्ये राहिल्या. तिसरा अभ्यास तामिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात झाला. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी तिन्हींचा हिशेब मांडला. तपासणीविना ठेवलेल्या बायका १,३८,६२४. त्यांतले या कॅन्सरचे मृत्यू किमान २५४. मुंबईच्या अभ्यासात बायकांची संमती घेताना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असं अमेरिकी सरकारच्याच देखरेख कार्यालयाने नंतर म्हटलं.

आता दुसरी बाजू नीट ऐकून घेऊ, कारण आपण आंबेडकरवादी आहोत, एकतर्फी निवाडा देणं आपलं काम नाही. या संशोधकांनी कुणाला कॅन्सर दिला नाही. कंट्रोलमधल्या बायकांना या आजाराची आणि तपासणी कुठे होते याची माहिती दिली, असं ते सांगतात. पॅप चाचणीला प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसं लागतात, खेड्यात ती चालेल की नाही ठाऊक नव्हतं, हेही खरं. आणि त्यांचा मुख्य मुद्दा असा: त्या भागात तपासणीची सोय मुळातच नव्हती. म्हणजे कंट्रोल ग्रुपला जे मिळालं, ते त्यांना एरवीही मिळणारच होतं. काहीही नाही.

मित्रांनो, इथे थांबा. हा युक्तिवाद पुन्हा वाचा. "तसेही मरणारच होते" यापेक्षा तो वेगळा कुठे आहे?

पॅप चाचणीचा उपयोग जगाला १९४० च्या दशकापासून ठाऊक होता. श्रीमंत देशांनी तिच्या बळावर हा कॅन्सर कितीतरी कमी केला होता. प्रयोगातल्या कंट्रोल ग्रुपलाही सिद्ध झालेली उत्तम पद्धत मिळाली पाहिजे, हे डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात फार आधी लिहून ठेवलं होतं. तिन्ही चाचण्यांची आपसात तुलना करता आली असती. चौथा भाग रिकामा ठेवलाच पाहिजे असं नव्हतं. असा रिकामा गट अमेरिकेच्या एखाद्या गोऱ्या उपनगरात ठेवता आला असता का? नाही. तिथे "इथली नेहमीची सेवा" या शब्दांचा अर्थ तपासणी असा होतो. मराठवाड्यात त्याच शब्दांचा अर्थ शून्य होतो.

म्हणजे कंट्रोल ग्रुप शास्त्रज्ञाने तयार केलाच नाही. तो आधीच तयार होता. डॉक्टर नसलेल्या उपकेंद्रांनी तो तयार केला. रोजगार बुडवून तालुक्याला जाऊ न शकणाऱ्या मजुरीने तो तयार केला. बाईच्या अंगावरच्या पांढऱ्या पाण्याला आजार न मानणाऱ्या घरांनी तो तयार केला. आणि कुणाच्या दुखण्याची दखल आधी घ्यायची हे ठरवणाऱ्या जातीने तो तयार केला. याच पट्ट्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात गावंच्या गावं गमावली होती. पण मी बोलतेय ती पडझड भूकंपाची नाही. ती कुठल्या बातमीत येत नाही, कारण ती रोजची आहे. शास्त्रज्ञ आला तेव्हा अवशेष पडलेलेच होते. त्याने फक्त मोजमाप केलं.

आम्ही शहरातल्या एका वस्तीत महिलांच्या आरोग्यावर बैठका घेतो. एकदा मी हा अभ्यास तिथे समजावून सांगितला. चार भाग, चिठ्ठ्या, कंट्रोल, सगळं. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे त्यांना आमचा पत्ता माहीत होता." मी गप्प झाले. समाजशास्त्रात एम.ए. करताना संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत मी कंट्रोल ग्रुपची व्याख्या पाठ केली होती. मावशींचं वाक्य त्या व्याख्येत कुठेच नव्हतं. घर माहीत होतं, नाव माहीत होतं, वय माहीत होतं, पुढे ती जगली की मेली हेही माहीत करून घेतलं. फक्त तपासलं नाही.

शेजारचा बीड जिल्हा बघा. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कितीतरी बायकांनी सांगितलं की डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली होती. एका जिल्ह्यात कॅन्सर शोधण्यासाठी गर्भाशय तपासलं नाही, शेजारच्या जिल्ह्यात कॅन्सरच्या नावाने ते काढून टाकलं. दोन्हीकडे बाईला तिच्याच शरीराबद्दल खरं सांगणारं कुणी नव्हतं.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी हे भोगलंय. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ पासून सरकारच्या आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून आजार कसा वाढतो ते पाहिलं. पेनिसिलिन आलं तरी ते दिलं नाही. १९७२ मध्ये बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. धाराशिव म्हणजे टस्कीगी नव्हे, हे मी स्पष्ट म्हणते. इथे आजार झाल्याचं लपवलं नाही. पण दोन्हीकडे एक समान धागा आहे: ज्यांना व्यवस्थेने आधीच सोडून दिलंय, त्यांचं सोडून दिलेलं असणं हेच संशोधनाचं साहित्य बनतं. १९८४ च्या वायुकांडातून वाचलेल्या भोपाळच्या लोकांसाठी रुग्णालय उभं राहिलं आणि पुढे त्याच गॅसग्रस्तांवर तिथे औषधांच्या चाचण्या झाल्या. आपल्याला चाचणीत घेतलंय हे ठाऊकच नव्हतं, असं त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितलं. जगबुडीनंतरच्या प्रयोगासाठी मालिका कशाला बघायची?

मग आपण विज्ञानाला विरोध करायचा का? अजिबात नाही. तो मनुवाद्यांचा धंदा आहे. तथागतांनी कालामांना सांगितलं की परंपरा म्हणून, ग्रंथ म्हणून, गुरू म्हणून काही स्वीकारू नका, तपासून बघा. तपासणं हा आपला धम्म आहे. प्रश्न तपासणाऱ्याच्या आणि तपासल्या जाणाऱ्याच्या नात्याचा आहे. मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांकडे नेली. कैद्याच्या होकाराला किती अर्थ असतो हा प्रश्न उरतोच, पण सुई आधी स्वतःच्या दंडात गेली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला त्यांनी स्वतः उचलून डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं. साथीत जग संपल्यासारखंच झालं होतं. तरी माईंसाठी तो पोरगा "तसाही मरणारा" नव्हता.

आता आजचं सांगते. वस्तीतली आपली बेरोजगार पोरं औषधांच्या "स्टडी"साठी परराज्यात जातात. चार-आठ दिवस राहायचं, गोळी घ्यायची, रक्त द्यायचं, पैसे घेऊन यायचं. एका स्टडीनंतर ठरावीक काळ थांबायचं असतं, पैशासाठी ते लपवून पुन्हा जातात. घरी सांगतात, कंपनीत काम मिळालं. त्यांना शिव्या देऊ नका. पण जाणाऱ्या प्रत्येकाला आणि वस्तीत तपासणीला येणाऱ्या प्रत्येक संस्थेला हे प्रश्न विचारायला शिकवा:

हे उपचार आहेत की संशोधन? माहितीपत्रक मराठीत आहे का, आणि सही केलेल्या कागदाची प्रत मला मिळणार का? लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार कोण? मधूनच बाहेर पडता येईल ना? मला इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार? मी कुठल्या गटात आहे, आणि त्या गटाला काय मिळणार नाही?

यातले बहुतेक हक्क २०१९ च्या नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांत आहेत. चाचणीची देशाच्या नोंदवहीत नोंद बंधनकारक आहे. कायदा आहे. विचारणारे कमी आहेत.

शेवटचा प्रश्न मात्र कुठल्याही संस्थेला नाही, सरकारला आहे. धाराशिवच्या निकालाने जगभरात एचपीव्ही चाचणीची शिफारस करायला बळ मिळालं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झालेली होती. निकाल छापून दहा वर्षं उलटल्यावरही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी तपासणीविना होत्या. अभ्यास संपला, कंट्रोल ग्रुप संपला नाही.

तेव्हा येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या खर्चातून थोडा पैसा बाजूला काढा. आपापल्या वस्तीतल्या तीस वर्षांवरच्या बायकांची यादी करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात निवेदन द्या आणि तपासणीची तारीख लेखी मागा. तारीख मिळाली नाही तर पुढचं धरणं त्यासाठी. आपली यादी त्यांच्याकडे पूर्वीही होती. या वेळी ती आपल्या हातात असली पाहिजे.

जय भीम! जय सावित्री!