पत्त्यांची संधी

माझा भविष्यावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. नात जाताना टॅरोचा कॅट इथेच विसरली आणि चित्रं छान म्हणून मी तो हातात घेतला, इतकंच. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला हा संच. कल्पना वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. पत्ते ७८. जन्मभर मुलांकडून पाठांतर करून घेतलेलं, त्यामुळे महिन्याभरात सगळे अर्थ घोकून झाले.

पण तीन पत्ते शेजारी मांडले की गाडी अडायची. शब्द येतायत, वाक्य लागत नाहीये, अशी गत. मग एकदा उजेड पडला, अरे, ही तर संधी! सत् अधिक जन म्हणजे सज्जन. शेजारच्या 'ज'मुळे 'त्' बदलतो. 'डेथ'चा पत्ता घ्या. पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा. शेजारी 'एट ऑफ कप्स' आला, म्हणजे पेले मागे ठेवून चंद्राखाली निघालेला माणूस, तर ते आपणहून सोडणं. 'टॉवर' आला तर वीज पडून हातचं गेलेलं. (मरण बहुतेक वेळा नसतंच, घाबरू नका.)

परवा दुपारी स्वतःसाठी मांडले. पहिला 'फाइव्ह ऑफ सोर्ड्स'. एकजण हसत तलवारी गोळा करतोय, दोघं पाठ फिरवून चाललेत. हा पत्ता आला की पाठ फिरवलेली ती मी, असंच मी धरायची. अकरा वर्षं धाकट्या भावाशी बोलणं नाही, वडिलांच्या घरावरून. दुसरा आला 'सिक्स ऑफ कप्स'. थोरलं पोर धाकट्याला फुलांचा पेला देतंय.

थोरलं कोण? मी. नऊ वर्षांनी. त्याची पाटी मीच गिरवून घेतली होती. मग आधीच्या चित्रातली मी कोण? वाटणीत मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि तो चहा न घेता उठून गेला होता... बराच वेळ त्या तलवारींकडे बघत बसले.

तिसरा 'पेज ऑफ कप्स'. पेल्यातून मासा डोकं काढून बघतोय. पेज म्हणजे निरोप्या. एवढ्यातही हसू आलं.

रात्री फोन लावला. भावजयीने उचलला, "थांबा हं वन्सं," म्हणाली. मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग तो.

"ताई? बरं नाहीये का तुला?"