उरलेली चार मिनिटं

आमच्याकडे 'डीजे आला' असं कुणी ओरडलं की लोक टेम्पोकडे बघतात. टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, तिच्यामागे जनरेटर, आणि घरातल्या भांड्यांना फुटलेला कंप. गणपती असो, जयंती असो, वरात असो, आणि आता आपल्या ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्येसुद्धा, डीजे ही 'लावायची' वस्तू आहे. 'यंदा डीजे लावणार का?' असं विचारतात. ती भिंत चालवणारा पोरगा कोण, त्याचं नाव काय, हे कुणालाच माहीत नसतं.

मुंब्र्याच्या माझ्या भाच्याला याचा फार राग येतो. तो स्वतः डीजे आहे, म्हणजे लॅपटॉप आणि दोन चकत्यांचं ते यंत्र घेऊन बसणारा माणूस. मागच्या ईदला आपाकडे जेवताना मी सहज म्हटलं, 'काय रे, डीजे कुठवर आला?' तर म्हणाला, 'मामू, डीजे तुमच्यासमोर बसून शीरखुर्मा खातोय.' दुलाभाईंनी ताटातून मान वर केली नाही. संगीत जायज की नाजायज यावर त्या बापलेकांचं रोज वाजतं आणि मी त्यात पडत नाही. पण त्या रात्री भाच्याने मला गच्चीवर नेलं, कानात हेडफोन घातले आणि दोन तास सोडलं नाही. नंतर महिनाभर मी ऐकत, वाचत राहिलो. हा लेख त्यातूनच आला.

गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. ११ ऑगस्ट १९७३. सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीतल्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. प्रवेश फी मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड लावायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. हे कुटुंब जमैकाच्या किंग्स्टनमधून आलेलं. तिथे रस्त्यावर मोठमोठे स्पीकर मांडून गाणी वाजवायची जुनी रीत आहे. गंमत म्हणजे जमैकात रेकॉर्ड लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात आणि माइकवर बोलणाऱ्याला डीजे. म्हणजे हा शब्द तिथे आवाजाचा, अमेरिकेत हातांचा, आणि आमच्या चौकात येईपर्यंत नुसत्या भिंतीचा झाला.

हर्कने काय केलं, तर नाचणाऱ्यांकडे नीट पाहिलं. गाण्यात मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि फक्त ढोल-ताशांचा तुकडा उरतो, तेव्हा पोरं सगळ्यात जास्त पेटतात हे त्याच्या ध्यानात आलं. तो तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. असं करत दहा सेकंदांची पाच मिनिटं. आपल्या कव्वालीत नाही का, एखादा मिसरा मैफिलीला लागला की कव्वाल तोच पुन्हा पुन्हा घेतो, पुढे जातच नाही? तसं. फरक एवढाच की कव्वालाकडे गळा आहे आणि या पोराकडे दुसऱ्यांनी गायलेली प्लास्टिकची चकती होती. ग्रँडमास्टर फ्लॅशने पुढे तबकडीवर खडूने खुणा करून हेच काम घड्याळासारखं बिनचूक केलं. आणि ग्रँड विझर्ड थिओडोर सांगतो की आईने खोलीत येऊन 'आवाज कमी कर' म्हणून दम दिला, तेव्हा त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली, आणि हाताखाली ती मागेपुढे घासली गेल्याचा जो आवाज आला त्यातून 'स्क्रॅच' निघाला. माझा भाचा म्हणतो की आयांच्या ओरडण्याचे असे उपयोग कुणी मोजलेलेच नाहीत.

१९७३ ते १९७९ या सहा वर्षांत हिप-हॉपची दुकानात मिळणारी रेकॉर्ड जवळजवळ नव्हतीच. मग हे संगीत पसरलं कसं? कॅसेटवर. पार्टीत कुणीतरी टेपरेकॉर्डर लावायचा. त्या टेपची प्रत निघायची, प्रतीची प्रत निघायची, प्रत्येक वेळी खरखर वाढायची. डीजे स्वतः टेप विकू लागले. भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांचे चालक त्या घेऊन दिवसभर वाजवायचे. कोकणात वडापच्या गाडीत बसून ज्यांनी अर्धं आयुष्य गाणी ऐकली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. टेपवर डीजे किंवा माइकवरचा माणूस मध्येच लोकांची नावं घ्यायचा, अमुक गल्लीला सलाम, तमुक आलाय बघा. आपलं नाव टेपवर आलं म्हणजे माणूस गल्लीत दोन दिवस छाती काढून चालायचा.

याच टेपांमधून पहिली मोठी चोरीही झाली. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं गाजलं, घराघरांत गेलेलं पहिलं रॅप. त्यातला एक गायक पिझ्झाच्या दुकानात काम करताना ग्रँडमास्टर कॅझच्या टेपा लावून त्यांच्याबरोबर म्हणत बसायचा. कंपनीच्या मालकिणीने ते ऐकलं आणि त्याला उचललं. त्याने रेकॉर्डवर कॅझच्याच ओळी म्हटल्या, आणि त्या ओळींत कॅझचं टोपणनाव एकेक अक्षर करून आलेलं, तेही तसंच्या तसं. गाणं जगभर विकलं गेलं, कॅझचं नाव त्यात उच्चारलं जात राहिलं, आणि श्रेय भलत्याच्याच खात्यावर जमा झालं.

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण माझा जीव त्यात कमी रमला. टेपची सीडी झाली, सीडीची फाइल झाली. हार्लेमपासून अटलांटापर्यंत मिक्सटेप करणारे डीजे म्हणजे नव्या गायकाला कंपनीच्या दारापर्यंत नेणारे दलाल झाले. कंपन्याही आपली गाणी त्यांच्याकडे आडवाटेने पोचवायच्या, कारण रस्त्यावर नाव झाल्याशिवाय दुकानात माल खपत नाही. आणि मग १६ जानेवारी २००७ ला अटलांटात पोलिसांनी डीजे ड्रामा आणि डॉन कॅनन यांना पकडलं, ८० हजारांहून जास्त सीडी उचलल्या. कलमं लावली ती संघटित गुन्हेगारीची. कारवाईत रेकॉर्ड कंपन्यांची संघटना पोलिसांच्या सोबत. ज्यांच्या मालाची ही पोरं फुकट जाहिरात करत होती, त्यांचीच ही संघटना. त्याच डीजे ड्रामाचा आवाज पुढे टायलर द क्रिएटरच्या २०२१ च्या अल्बमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडतो, आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळतं. भाच्याने ही गोष्ट दुलाभाईंनाही ऐकवली. सोबत अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या डीजेचं नाव अली शहीद मुहम्मद आहे हेही. दुलाभाई म्हणाले, 'नाव छान आहे.' एवढंच.

पण मला धरून ठेवलं ते ह्यूस्टनच्या एका माणसाने. रॉबर्ट अर्ल डेव्हिस, म्हणजेच डीजे स्क्रू. १९९० च्या दशकात तो घरी बसून टेपा करायचा. गाणी मंद करायचा, इतकी मंद की बाईचा आवाज पुरुषाचा वाटावा आणि पुरुषाचा आवाज विहिरीतून यावा. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती किंचित मागेपुढे लावून तो शब्द दोनदा म्हणवून घ्यायचा आणि शेवटी सगळं टेपवर घेताना वेग उतरवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की भाच्याच्या हेडफोनची बॅटरी उतरली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा उन्हाळ्यातली दुपार आठवली, लाइट गेलेली.

लोक त्याच्याकडे आवडत्या गाण्यांच्या याद्या घेऊन यायचे आणि तो ज्याची त्याची टेप करून द्यायचा. कुणाचा वाढदिवस असेल तर मित्र जमायचे आणि माइकवर सुचेल ते म्हणायचे. १९९६ सालची त्याची सगळ्यात गाजलेली टेप, 'जून २७', अशीच एका दोस्ताच्या वाढदिवसाची. संध्याकाळी त्याच्या दाराशी गाड्यांची एवढी रांग लागायची की पोलिसांना वाटलं इथे ड्रग्ज विकले जातात. आत फक्त कॅसेटी विकल्या जात होत्या. १९९८ मध्ये त्याने दुकान काढलं, त्यात माल एकाच माणसाचा, त्याचा स्वतःचा. नशेने मात्र त्याला गाठलंच. १६ नोव्हेंबर २००० ला तो गेला, वय २९. त्याच्या हजाराहून जास्त रेकॉर्ड आता ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

त्याच्या काही टेपांवर ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधला एक उंच पोरगा रॅप करतो, 'बिग फ्लॉइड' नावाने. हा जॉर्ज फ्लॉइड. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये नऊ मिनिटांहून जास्त वेळ पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेला तोच माणूस. त्याचे शेवटचे शब्द आपण सगळ्यांनी ऐकले. मीही मोबाइलवर पाहिलं, पूर्ण पाहवलं नाही. त्याच्या आधीचा त्याचा आवाज, दोस्तांमध्ये बसून, आपल्या मोहल्ल्याचं नाव घेत, मस्तीत बोलणारा, जगात आहे हे मला गच्चीवर त्या रात्री कळलं. तो आवाज कुठल्या सरकारी दफ्तराने जपला नाही, कुठल्या मोठ्या कंपनीनेही नाही. घरी बनवलेल्या कॅसेटने जपला.

मी हेडफोन काढले आणि भाच्याला म्हटलं, 'आता एक गोष्ट मी तुला सांगतो.'

माझे अब्बा दम्मामला होते. कोकणातल्या निम्म्या मुसलमान घरांसारखंच आमचं घर आखाती पैशावर चालायचं आणि आखाती कॅसेटवर जगायचं. पत्रापेक्षा कॅसेट बरी, कारण दादीला वाचता येत नव्हतं. जुम्म्याला सुट्टी असायची. नमाज, जेवण उरकून अब्बा टेपरेकॉर्डर समोर घेऊन बसायचे आणि बोलायचे. गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, साबण आणि अत्तराच्या वासात भिजून ती कॅसेट यायची. सलाम आधी दादीला, मग अम्मीला, मग आम्हा भावंडांना वयाप्रमाणे. मग खोलीतले दुसरे लोक बोलायचे, त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातल्या तीन-चार घरांच्या बाया आमच्या ओटीवर येऊन बसायच्या, आपल्या नवऱ्याचा सलाम ऐकायला. उरलेल्या जागेत अब्बा दुसऱ्या टेपवरून कव्वाली नाहीतर रफीचं गाणं भरायचे. कोरी जागा वाया गेलेली त्यांना चालत नसे. आज मला वाटतं, ती मिक्सटेपच होती. फक्त त्यांना हा शब्द ठाऊक नव्हता.

१९९२ मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. 'साजन', 'सडक', 'फूल और कांटे' यांच्या गाण्यांचं वेड होतं. चिपळूणला एक दुकानदार यादी दिली की कॅसेट भरून द्यायचा. आपली कॅसेट नेली तर पैसे कमी. माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. कपाटात अब्बांच्या होत्या, टीडीकेच्या, चांगल्या. अब्बांनी त्यांच्या मागच्या दोन्ही कुड्या मोडून ठेवलेल्या होत्या, म्हणजे चुकूनही त्यांवर दुसरं काही भरलं जाऊ नये. कुडी मोडलेली कॅसेट कशी चालवायची हे आम्हा पोरांना माहीत होतं. भोकांत कागदाचे बोळे कोंबायचे. मी कोंबले.

अम्मीने कधीतरी रात्री ती लावली असणार. सकाळी तिने मला एवढंच विचारलं, 'दुसरी बाजू पण?' मी हो म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही. बाकीच्या कॅसेटी २००५ च्या पुरात गेल्या. अब्बा त्याच्या आधीच गेले होते. माझी गाण्यांची कॅसेट मात्र वाचली, कारण ती मुंबईला माझ्या खोलीवर होती.

गच्चीवर हे सांगताना मी भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या बाजूला माझी यादी थोडी लवकर संपते. शेवटचं गाणं थांबतं, खट् असा आवाज होतो, आणि अब्बा बोलताना ऐकू येतात. चार मिनिटं. त्यात आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही. आमचे सलाम सुरुवातीला होते, ते मी पुसले. उरलेत ते शेजारच्या घरांसाठीचे निरोप. अमक्याच्या घरी सांगा, ड्राफ्ट पाठवलाय. तमक्याला म्हणावं, पासपोर्टचे फोटो दे. मशिदीच्या पत्र्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून किती जमवले तो आकडा. आणि मग टेप संपते.

भाच्याने ती कॅसेट नेली, फाइल करून दिली. महिन्याभराने एक तुकडा पाठवला. खाली त्याचा संथ ठेका, वर अब्बांचा आवाज, डीजे स्क्रूच्या पद्धतीने मंद केलेला. 'मशिदीचा पत्रा' हे शब्द दोनदा येत होते. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. पण कुठे टाकण्याआधी अम्मीला ऐकवू असं मी म्हटलं.

अम्मी आता ऐंशीला आली आहे. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मोबाइल तिच्या कानाशीच धरला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, 'त्यांचाच आवाज आहे. पण असे नाही बोलायचे ते. भरभर बोलायचे. कॅसेट संपेल म्हणून.'

भाच्याने वेग पुन्हा होता तसा केला. ठेका मात्र ठेवलाय.