मस्कतहून उमरीपर्यंतची शर्यत

कापसाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या उमरीच्या बाजारात निन्टेन्डोचं डीएस लाईट मला कधी विकायला दिसलं नाही. आमच्याकडे ते आतेभावामुळे आलं. दादा तेव्हा हैदराबादला कामाला होता. एकदा निजामाबादमार्गे रेल्वेनं गावी येताना त्यानं जुनी, वापरलेली दोन यंत्रं आणली, एक स्वतःला आणि एक मला. सोबत 'मारियो कार्ट डीएस' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. 2012 साली दादा मस्कतला गेला आणि तळहाताएवढ्या त्या यंत्राला इंटरनेटही लागतं, याचा खरा उपयोग तेव्हा कळला.

मात्र ते इंटरनेटला जोडणं सोपं नव्हतं. डीएसचे खेळ वाय-फायच्या डब्ल्यूईपी नावाच्या जुन्या कुलपापलीकडे कोणतंही कुलूप ओळखत नाहीत. हे कुलूप कच्चं आहे हे 2001 सालीच जगाला कळलं होतं. त्यामुळे घरच्या राउटरला एक तर हे जुनं कुलूप लावा, नाही तर दार सताड उघडं ठेवा. आम्ही दार उघडं ठेवायचो, तेही रविवारी रात्री, खेळापुरतं. मग बारा आकडी मित्र-कोड. मी दादाचा टाकायचा, दादानं माझा टाकायचा. दोघांनीही टाकला तरच भेट.

पलीकडचा सर्व्हर नेमकं करतो काय? लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं त्याचं काम. तो दोन्ही घरांचे पत्ते एकमेकांना देतो आणि बाजूला होतो. पुढचं बोलणं दोन यंत्रं थेट करतात. एका शर्यतीत जास्तीत जास्त चार जण. शर्यत चालू असताना बोलायची सोय नाही, लिहायचीही नाही. समोरची गाडी वळणावर कशी वळते, तेवढ्यावरून माणूस ओळखायचा. दादा शेवटच्या वळणाला हमखास घाई करतो.

आईला हे काही पटायचं नाही.

"त्याला बोलायलास का रे?"

"नाही, खेळायलोय."

"मग त्यो हाय का तिथं?"

"हाय की."

मध्यस्थ गेला की सगळंच संपतं. 20 मे 2014 रोजी निन्टेन्डोनं डीएस आणि वी या यंत्रांची ही मोफत सेवा बंद केली. ती सुरू झाली होती नोव्हेंबर 2005 मध्ये, याच मारियो कार्टपासून. आमची यंत्रं धडधाकट होती, खेळाच्या चिपा शाबूत होत्या, पण यंत्र ज्या नावानं हाक मारायचं त्या नावाला ओ देणारं कोणी उरलं नव्हतं.

हाक मात्र दुसरीकडे वळवता येते. इंटरनेटवर नावाचा आकडी पत्ता सांगणारी जी व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. डीएसच्या जोडणीत डीएनएसचा आकडा हातानं भरता येतो. काही हौशी लोकांनी निन्टेन्डोच्या सर्व्हरसारखे वागणारे सर्व्हर लिहून काढले आणि स्वतःचा डीएनएस दिला. तो आकडा भरला की यंत्र जुन्याच नावानं हाक मारतं आणि ओ येते ती त्या लोकांच्या सर्व्हरकडून. समोरचा सर्व्हर अस्सल आहे की नाही, हे डीएस फार ढिलेपणानं तपासतं. एरवी जो दोष ठरला असता, तोच इथे कामी आला. दादानं मस्कतमध्ये आकडा भरला, मी उमरीत.

नंतर घरचं ब्रॉडबँड गेलं आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आला. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे सगळ्या वाड्याला एकच वेस. मध्यस्थानं पत्ता दिला तरी पलीकडच्यानं नेमकं कोणाचं दार ठोठवायचं? कधी जोडणी व्हायची, कधी तासभर व्हायची नाही.

2021 च्या मे महिन्यात आत्या गेली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, दादाला येता आलं नाही. अग्नी मी दिला. फोनवर तो फक्त खर्चाचं विचारायचा, दवाखान्याचं बिल, दहाव्याचं सामान. मी आकडे सांगायचो आणि फोन ठेवायचो. तेराव्यानंतरच्या रविवारी त्याचा मेसेज आला, "सर्व्हर चालू हाय का?"

त्या रात्री तिसऱ्या प्रयत्नात जोडणी झाली. आम्ही दोनच वाजेपर्यंत खेळलो. एका शर्यतीत त्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच थांबून राहिली. मीही थांबलो. बराच वेळ दोन्ही गाड्या नुसत्या उभ्या होत्या. मग ती हलली.

हा सर्व्हर चालवणारे कोण, कुठले, मला माहीत नाही. त्यांनी आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. कायद्याच्या नजरेत त्यांची जागा डळमळीतच आहे, कारण खेळ कंपनीचा, नाव कंपनीचं. एप्रिल 2024 मध्ये निन्टेन्डोनं थ्रीडीएसचीही ऑनलाइन सेवा बंद केली. तिथेही 'प्रिटेन्डो' या नावानं स्वयंसेवकांनी पर्याय उभा केला आहे, पण त्यासाठी नुसता आकडा बदलून भागत नाही, यंत्राच्या आतल्या प्रणालीत हात घालावा लागतो. दर पिढीत दार अधिक पक्कं होत चाललंय, आणि मालक गेल्यावर ते उघडायचं कसं, याची तजवीज कोणी करत नाही. विकलेले खेळ कंपन्यांनी सेवा थांबवल्यावरही चालू राहावेत, या युरोपातल्या मागणीवर 2025 च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. उमरीतल्या माणसाला त्यावर सही करता येत नव्हती. करता आली असती तर मी केली असती.

दादा अजून मस्कतलाच आहे. त्याच्या यंत्राची बिजागरी तुटली आहे, पडदा त्यानं चिकटपट्टीनं धरून ठेवलाय. माझ्या यंत्राचं डावं बटण नीट दाबलं जात नाही. त्यामुळे हल्ली तोच जास्त जिंकतो, आणि त्याचं कारण बटण आहे हे मी त्याला सांगितलेलं नाही.