सहीआधीचे तीस महिने

परदेशात हँगरमध्ये नोकरी करता करता अमेरिकेचा विमान-तंत्रज्ञाचा परवाना, म्हणजे ‘ए अँड पी’, काढता येतो का, असं विचारणारी मुलं आता सिल्वासातही आहेत. मसाट, खडोली, पिपरियाच्या कारखान्यांत मेन्टेनन्सला लागलेल्या मुलाला आखाताची वाट ठाऊक असते, हातही यंत्रावर बसलेला असतो. पण या परवान्याची चर्चा बहुतेक वेळा पेपरांवरच अडकते. जनरलचे ६० प्रश्न, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटचे प्रत्येकी १००, सगळे पर्यायी उत्तरांचे, पास व्हायला ७० टक्के. मग प्रश्नसंच कुठले, कुणाचा क्लास चांगला, एवढंच बोलणं उरतं. माझ्या मते या परवान्याचं सगळं वजन पेपरांच्या आधी आहे, उमेदवाराने प्रत्यक्ष केलेल्या आणि लिहून ठेवलेल्या कामात.

अमेरिकी नियमावलीचा भाग ६५ वाचला की हे कळतं. मान्यताप्राप्त शाळेतून न येता अनुभवावर परवाना मागणाऱ्याला एअरफ्रेम किंवा पॉवरप्लांट यांपैकी एका शाखेसाठी १८ महिने आणि दोन्ही शाखांसाठी मिळून ३० महिने विमानावरचं काम कागदपत्रांनिशी दाखवावं लागतं. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाचा (एफएए) निरीक्षक ते तपासून अर्जावर सही करतो, त्यानंतरच परीक्षेचं दार उघडतं. कारखान्यातल्या यार्नच्या मशीनवरची वर्षं इथे मोजली जात नाहीत, हे स्पष्टच सांगायला हवं. परवाना हाती आल्यावरही हिशेब संपत नाही. जे काम पूर्वी स्वतः समाधानकारक केलेलं नाही, ते पास करून विमान सेवेत सोडण्याची सही नियम एकट्याला करू देत नाही. आधी ते जाणकाराच्या देखरेखीखाली करून दाखवावं लागतं. निर्मात्याच्या चालू सूचना समजल्याशिवायही ती सही करता येत नाही. परवान्याला मुदत नाही, पण मागच्या २४ महिन्यांत किमान सहा महिने हे काम केलेलं असावं लागतं. कागदावर परवाना सगळ्या विमानांना लागू, प्रत्यक्षात मात्र तुमच्या हाताने जेवढं केलं तेवढाच.

नुसता अनुभव पुरतो का? १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सतरा हजार फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं, सगळे वाचले. काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास सुमारे ०.६६ मिलिमीटरने कमी होता. बदलणारा माणूस अनुभवी होता. त्याने काढलेला जुना बोल्ट समोर धरून नवे नजरेने जुळवले, पार्ट्स कॅटलॉग उघडला नाही. म्हणूनच पेपरांनंतरच्या तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षेत ‘टॉर्क किती?’ या प्रश्नाला आकडा फेकण्यापेक्षा मॅन्युअलचं पान काढणारा उमेदवार मला जास्त भरवशाचा वाटतो. तारेचं लॉकिंग करून दाखवायला सांगितलं तर तार बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढत राहील अशी घातली आहे का, हे एका नजरेत दिसतं. उलट्या दिशेने घातलेली तार कितीही सुबक पिळलेली असो, बोल्ट सैल व्हायला लागला तर ती त्याला अडवत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की आपल्या नागरी विमानवाहतूक संचालनालयाच्या (डीजीसीए) सीएआर-६६ नियमांतले परीक्षेचे मॉड्यूल संख्येनेही जास्त आणि अवघडही, त्यापुढे ए अँड पी सोपाच. पेपरांपुरतं हे खरं आहे. पण भारतीय परवान्यात वर्ग आणि विमानप्रकार सहीची हद्द आखून देतात. अमेरिकी पद्धतीत ती हद्द बरीचशी तंत्रज्ञाने स्वतः ओळखायची असते, आणि ही जबाबदारी मला पेपरांहून जड वाटते. दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: अमेरिकेबाहेरच्या एफएए-मान्य रिपेअर स्टेशनमध्ये सही करायला ए अँड पी सक्तीचा नाहीच, मग खटाटोप कशाला? शिवाय परदेशी नागरिकाला अमेरिकेबाहेर हा परवाना द्यायचा तर अमेरिकी नोंदणीच्या विमानासाठी त्याची गरज सिद्ध व्हावी लागते. त्यामुळे ज्याच्या हँगरमध्ये ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या नोंदणीची विमानं येतच नाहीत, त्याने केवळ बायोडेटा सजवायला यात पैसे घालू नयेत, असंच मी म्हणेन. ज्याच्याकडे ती येतात, त्याच्यासाठी मात्र हा परवाना स्वतःच्या नावाने उभं राहण्याचा मार्ग आहे.

तेव्हा सिल्वासातून किंवा वापीतून या वाटेला निघणाऱ्यांना एवढीच विनंती: प्रश्नसंच नंतर घ्या. हँगरमध्ये पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, विमानाची नोंदणी, केलेलं काम, वापरलेल्या मॅन्युअलचा संदर्भ, आणि त्याच आठवड्यात सुपरवायझरची सही. नोकरी सोडल्यावर ती सही मिळवणं फार कठीण जातं.