जुने घर घेताना

निवृत्तीनंतर शहरातील सदनिका मुलांच्या स्वाधीन करून लहान गावी स्वतंत्र घर घ्यावे, असा विचार आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठ दांपत्ये अलीकडे करताना दिसतात. नवे घर बांधून घेण्याची उमेद या वयात नसते, म्हणून दृष्टी जुन्या घराकडे वळते. तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत इतरांच्या घरांचे कागद तपासल्यावर, दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी घर पाहण्याची वेळ माझ्यावर आली. बारामती तालुक्यातील सुपे येथील जुन्या पेठेतले ते घर. त्या निमित्ताने जे पाहिले आणि उमगले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

सुपे हे नाव इतिहासाच्या पुस्तकात आपण शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे वाचलेले असते. आजचे सुपे हे मोरगावच्या वाटेवरचे, पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव आहे. शेजारच्या माळरानावर 1997 साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य असून तेथे चिंकारा हरणे आढळतात. हवा कोरडी, पाणी बेताचे, माणसे मोकळी. सौ.ला हे गाव प्रथमदर्शनीच आवडले. मला मात्र आधी घर पाहायचे होते.

घर सहा खणांचे. काळ्या दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परसू. निम्म्या भागावर माळवद, उरलेल्यावर पत्रा. अशा घराची परीक्षा एका भेटीत करू नये. पहिल्या भेटीत आपण घराच्या मोहात असतो, दुसऱ्या भेटीत दोष दिसू लागतात आणि तिसऱ्या भेटीत त्या दोषांचा खर्च मांडता येतो. आम्ही एकदा कडक उन्हाळ्यात, एकदा परतीच्या पावसात आणि एकदा रात्री गेलो. पावसातल्या भेटीने माळवद कोठे गळते ते दाखवले. मातीच्या भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो मजबुतीचे लक्षण समजू नये. आतला ओलावा त्यामुळे कोंडला जातो आणि पायथ्याशी लोणा लागतो. खांबांना दाभणाने टोचून पाहिले. जेथे दाभण सहज आत गेले, तेथे वाळवी होती. भिंतीला एक उभी भेग होती. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घातली आणि पाच महिन्यांनी पुन्हा पाहिली. भेग पुढे सरकलेली नव्हती. जुनी, स्थिरावलेली भेग फारशी भीतिदायक नसते. नुकताच रंग दिलेली भिंत मात्र मला नेहमीच अधिक संशयास्पद वाटत आली आहे.

शेजाराची पाहणी घराइतकीच महत्त्वाची. नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे घरमालकाला विचारू नये, हंडे भरणाऱ्या भगिनींना विचारावे. बाजाराच्या दिवशी दारापुढे वाट उरते का, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळेल का, स्थानक-मंदिरात जाणे-येणे झेपेल का, हे स्वतः चालून पाहावे. आपल्या पत्र्याचे पाणी कोणाच्या अंगणात पडते आणि शेजाऱ्याची मोरी कोणत्या बोळातून वाहते, हेही नीट पाहावे. वीस वर्षे अखंड चाललेली अशी वहिवाट 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने हक्काचे रूप घेऊ शकते. आमच्या बाबतीत उत्तरेकडची भिंत सामाईक होती आणि भिंतीपलीकडे विक्रेत्या तीन बंधूंपैकी थोरले स्वतः राहत होते. म्हणजे जो विकणार, तोच उद्याचा शेजारी.

आता कागद. गावठाणातील घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा बहुतेक जण मालकीचा पुरावा म्हणून पुढे करतात, पण तो कर आकारणीचा कागद आहे. अलीकडे स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत, ही मोठी सोय झाली. तरीही पत्रकावर नाव नाही म्हणून एखाद्या वारसाचा हक्क नाहीसा होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध आणि कुटुंबाची वंशावळ या दोन्ही गोष्टी समोर हव्यात.

वंशावळीत तीन भावांच्या वर एक नाव होते, थोरल्या बहिणीचे. घर वडिलांनी स्वतः खरेदी केलेले, मृत्युपत्र नाही, आई हयात नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, जो आपल्या जैन समाजालाही लागू आहे, चौघांचा वाटा समान. भावांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे हक्कसोडपत्र दाखवले. खाली अंगठा होता. नोंदणी मात्र नव्हती, आणि स्थावरातील हक्क सोडल्याचा असा लेख नोंदणीवाचून टिकत नाही. थोरले बंधू शांतपणे म्हणाले, “आमच्यात बहिणी हिस्सा मागत नाहीत. तुम्ही म्हणाल तेव्हा ती पुन्हा अंगठा देईल.”

येथे सुप्याचाच एक जुना प्रसंग सांगणे आवश्यक आहे. 12 मे 1875 रोजी याच गावात भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. परंतु त्यांचा मुख्य रोख होता तो वह्या आणि कर्जरोख्यांवर. ते कागद मागून घेऊन जाळण्यात आले. येथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले आहेत. सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी बहुसंख्य होते, म्हणून हे पान आपण उलटून पुढे जाऊ नये. कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपल्यावर कापसाचा भाव घसरला, सावकारांनी हात आखडता घेतला, सरकारने शेतसारा वाढवला. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाते. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानुसार रोखा तीन वर्षेच चाले. म्हणून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होई आणि ज्याला तो वाचता येत नसे, त्याचा अंगठा खाली उमटे. कायद्याच्या दृष्टीने कागद निर्दोष असे. तरी अंगठा देणाऱ्याला तो आपला वाटत नसे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. शेतकऱ्याचा दस्त नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, पैशाची पावती मिळावी, मागितल्यास हिशेबाचे पासबुक मिळावे, न्यायालयाने रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. नोकरीत ज्या नियमांचा मला कधीकधी कंटाळा येई, त्यांच्यामागे केवढी धग होती, हे या गावात उभे राहिल्यावर कळते.

म्हणून बंधूंना सांगूनच आम्ही उभयता इंदापूर तालुक्यात त्यांच्या बहिणीकडे गेलो. सत्तरी ओलांडलेल्या आक्कांनी चहा केला. कागदाची प्रत पाहून म्हणाल्या, “मीटर नावावर करायचाय म्हनले, म्हनून अंगठा दिला. घराचं न्हाई कुनी बोललं.” सौ.ने त्यांना कागद सावकाश वाचून दाखवला. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भावाशी भांडायचं न्हाई मला. पन वाटा पाहिजे.”

पुढचे चार महिने कठीण गेले. फार चौकशी न करणारे दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे आमच्या कानांवर आले. चौथा वाटा निघाला म्हणून किंमत वाढवून मागण्यात आली. ती आम्ही दिली नाही, कारण वाटेकरी वाढल्याने घराची किंमत वाढत नसते. ज्याच्याशी सामाईक भिंतीने आयुष्यभर बांधले जायचे, त्याचाच रोष आपण ओढवून घेत आहोत, हे आम्हाला कळत होते. घर हातचे गेले तरी चालेल, असे सौ.नेच एके दिवशी स्पष्ट म्हटले, तेव्हा माझे मन स्थिर झाले. अखेर धाकट्या दोघांनी मोठ्यांची समजूत घातली. दुय्यम निबंधकांसमोर चौघांनी मिळून खरेदीखत करून दिले, ते आधी आक्कांना वाचून दाखवले गेले, आणि चार धनादेश चार खात्यांत जमा झाले. आक्कांच्या नावाचे खाते त्यासाठी प्रथमच उघडले होते.

थोरले बंधू अद्याप आमच्याकडे चहाला येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात बोळातील मोरी तुंबली तेव्हा मात्र ते स्वतः फावडे घेऊन आले आणि आम्ही दोघांनी ती मोकळी केली. शेजारधर्माची एवढी सुरुवात मला पुरेशी वाटते.

जुने घर पाहणाऱ्या वाचकांना एकच आग्रहाचे सांगणे आहे. लाकूड टोचून पाहा, पाणी विचारा, तीस वर्षांचा शोध घ्या. पण कागदावर ज्यांची सही किंवा अंगठा आहे, त्या प्रत्येकाला, विशेषतः घरातील लेकीबाळींना, प्रत्यक्ष भेटा आणि त्या कागदात काय आहे हे त्यांच्याच तोंडून ऐका. वकिलाची फी भरून हे काम होत नाही, तेथे आपणच जावे लागते. ज्या घरात उरलेले आयुष्य निवांत काढायचे, ते घर देताना कोणाचे मन फसवले गेलेले नाही, एवढी खात्री असल्यावर गळके माळवद दुरुस्त करणे फारसे अवघड जात नाही.