उन्हाची तिरीप बसवताना

तुळशीची लग्नं लागली की साताऱ्यातल्या फोटोवाल्यांची झोप उडते आणि त्यांच्या पाठोपाठ माझी. मी स्वतः लग्नं शूट करत नाही. कोरेगाव, कराड, पाटण, इस्लामपूर इथले फोटोग्राफर मला फोटो पाठवतात. मी ते निवडतो, रंग सुधारतो, करिझ्मा अल्बमची पानं लावतो आणि छपाईला लॅबकडे धाडतो. अलीकडे या कामात एक मागणी हमखास येते. कासचं पठार असो, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या असोत की वाईजवळचा मेणवलीचा घाट, प्री-वेडिंगच्या फोटोसोबत निरोप असतोच, "दादा, जरा रेज मारा की." म्हणजे झाडीतून, कमानीतून, ढगातून उन्हाचे झोत खाली उतरताहेत असं दाखवा.

ही मागणी मला मनापासून आवडते. तिच्यात उथळपणा आहे असं काहीजण म्हणतात, मला तसं वाटत नाही. रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेल्या देवादिकांमागचं ते मऊ तेज आपल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर कॅलेंडर होऊन वर्षानुवर्षं लटकलं. ते बघत वाढलेल्या माणसांना आपल्या लग्नाच्या फोटोतही थोडा उजेड उतरावा असं वाटलं, तर त्यात वावगं काय? माझा आग्रह एवढाच, की उतरलेला उजेड खरा वाटला पाहिजे. अल्बम पुढची तीस-चाळीस वर्षं त्या घरात राहणार असतो.

बाजारात तयार रेज मिळतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे झोत. फाइल फोटोवर टाकायची, ब्लेंड मोड स्क्रीन करायचा, काळं नाहीसं होतं आणि झोत उरतात. मिनिटभराचं काम. पण मग नवऱ्यामुलाच्या नाकाची सावली सांगते ऊन उजवीकडून आलंय आणि झोत उतरतात डावीकडून. नवरीच्या चेहऱ्यावरून पांढरा पट्टा जातो. जिथे झोत जमिनीला टेकतो तिथली माती आजूबाजूच्या मातीइतकीच काळवंडलेली. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पान उलटताना हात थांबत नाही.

झोत कसा असतो हे मी खऱ्या अर्थानं पाहिलं ते कराडजवळच्या एका गुऱ्हाळात. एक फोटोग्राफर मित्र तिथल्या कामाचे फोटो काढत होता, मी सोबत गेलो होतो. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. घाण्यातून रस येत होता, एकजण चुलवाणात चिपाडं सारत होता आणि वर पत्र्याचं छप्पर. जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोकं पडलेली होती. मित्रानं कॅमेरा लावला, पण आत नुसता अंधार आणि जमिनीवर उन्हाचे ठिपके. गुळव्या म्हणाला, "काहीलीला कढ येऊस्तवर थांबा, मग दिसंल."

कढ आला. वाफ वर चढली आणि प्रत्येक भोकातून एकेक तिरीप काढल्यासारखी उभी राहिली. वाफेचा लोट सरकला की तिरीप मधेच तुटायची, पुन्हा जुळायची. चुलवाणाच्या बाजूला धूर होता तिथे ती निळसर दिसे, काहीलीवरच्या दाट वाफेत पांढरी. ऊन आधीपासून आत येतच होतं. ते डोळ्यांना दिसायला हवेत काहीतरी लागतं : वाफ, धूर, धुकं, धूळ. त्या कणांवर आदळून थोडा उजेड बाजूला फेकला जातो, तेवढाच आपल्याला दिसतो. शाळेत टिंडाल परिणाम म्हणून हे शिकलो होतो, पण परीक्षेपुरतं.

मग मी मित्राला सोडून तिथेच फिरत राहिलो. सूर्याच्या दिशेनं तोंड करून उभं राहिलं की तिरिपा लखलखीत दिसत. पाठ करून पाहिलं की त्याच तिरिपा जवळजवळ विरून जात, कारण असे कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेला फेकतात. सूर्य पाठीशी घेऊन काढलेल्या फोटोत म्हणूनच झोत बसत नाहीत, कितीही मेहनत घ्या.

दुसरी गोष्ट जमिनीवर होती. भोकं वेडीवाकडी, काही चिरलेली, पण कवडसे सगळे गोल, फार तर लांबट गोल. तो कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणात झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते ते यामुळेच. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून छिद्रापासून लांब जाऊ तसा झोत पसरतो आणि त्याची कड मऊ होत जाते. खिळ्याचं बारीक भोक पंधरा फुटांवर जवळपास दोन इंचांचा कवडसा पाडतं. पत्र्याजवळ तिरीप सुईसारखी, जमिनीजवळ कापसासारखी. तयार रेजमध्ये दोन्ही टोकं सारखीच धारदार किंवा सारखीच मऊ असतात, तिथेच डोळ्याला खटकतं.

आणि एक. सूर्य इतका दूर आहे की त्याची किरणं आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून ढगांच्या फटीतले झोत पंख्यासारखे फाकलेले दिसतात, ते रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आलेले दिसावेत तसे. फोटोत सूर्य चौकटीत असेल तर झोत त्याच्यापासून फाकवायचे. सूर्य चौकटीबाहेर बराच लांब असेल तर ते जवळजवळ समांतरच ठेवायचे.

हे सगळं कामी आलं ते लिंबच्या विहिरीच्या एका फोटोत. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर वीरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, एकावेळी बारा मोटा चालत म्हणून हे नाव. फोटोग्राफरनं खाली कमानीच्या अंधारात उभं राहून वरच्या पायऱ्यांकडे कॅमेरा धरला होता. जोडी पायऱ्यांच्या मध्यावर. ऊन त्यांच्या मागून, डाव्या अंगानं, वरच्या काठावरून येत होतं. नवरीच्या केसांना आणि शालूच्या खांद्याला उन्हाची बारीक किनार आली होती. म्हणजे ऊन खरं होतं, दिशाही हवी तशी होती. फक्त त्या दिवशी हवा स्वच्छ होती. मला तिथे ऊन आणायचं नव्हतं, हवा आणायची होती.

आधी सूर्य कुठे आहे ते ठरवलं. पायरीवर पडलेल्या सावलीच्या टोकापासून डोक्यापर्यंत रेघ काढून ती पुढे वाढवली, तर ती चौकटीच्या बरीच बाहेर, वर डावीकडे गेली. फोटोशॉपच्या रेडियल ब्लरमध्ये झूम निवडून मध्यबिंदू हलवता येतो, पण तो कॅनव्हासच्या आतच ठेवावा लागतो. म्हणून कॅनव्हास त्या बाजूला वाढवला. मग सिलेक्ट मेनूतल्या कलर रेंजमधून फक्त हायलाइट्स घेतले, म्हणजे काठापलीकडचं आभाळ आणि पानांमधल्या फटी, आणि त्यांची वेगळी लेयर केली. तिच्यावर रेडियल ब्लर पूर्ण ताकदीनं, पुन्हा एकदा, मग ब्लेंड मोड स्क्रीन. उजळ जागा त्या बिंदूपासून ओढल्या जाऊन झोत तयार होतात. याचा मोठा फायदा असा, की झोत फोटोतल्या खऱ्या फटींमधूनच निघतात.

फोटोग्राफरला बारीक बारीक, खूप झोत हवे होते. मी त्याला समजावलं की सरळ काठावरून येणारं ऊन एकच रुंद पट्टा होऊन उतरतं, त्याच्या चिंध्या व्हायला वर फांद्या लागतात. सुदैवानं काठावर एका झाडाची फांदी आली होती, तिच्या आधारानं पट्ट्याला दोन-तीन फटी पाडता आल्या. त्याला ते पटलं.

मग हवा. झोताच्या मास्कवर रेंडर क्लाउड्स टाकले आणि ते भरपूर ब्लर केले, की झोत कुठे दाट, कुठे विरळ होतो, गुऱ्हाळातल्या वाफेसारखा. खाली जाईल तशी कड मऊ केली. जोडी झोताच्या पुढे उभी होती, म्हणून त्यांना मास्क करून झोत त्यांच्या मागे सारला आणि पुढे अगदी किंचित धुरकटपणा ठेवला. लेयरची ओपॅसिटी पंचवीस टक्क्यांच्या आसपास. याहून वर गेलं की झोत पाहुणा वाटतो. झोत उठून दिसत नाही असं वाटलं तर तो वाढवू नये, कर्व्हजनं भोवतालचा दगड थोडा खाली न्यावा. उजेड अंधाराशेजारीच दिसतो, उघड्या आभाळावर कुणीही झोत दाखवू शकणार नाही.

शेवटी पायऱ्या, आणि माझ्या मते सगळा खरेपणा इथेच ठरतो. ऊन मागून वरून येतं, म्हणजे पायरीचा आडवा भाग उजळणार आणि आपल्याकडे तोंड असलेला उभा भाग सावलीतच राहणार. एकेका पायरीच्या आडव्या दगडावर ब्रशनं ऊन चढवलं, किंचित पिवळसर. सावलीतला दगड निळसर राहू दिला, कारण त्याला उजेड आभाळाचा मिळतो. दगडाची धार घासलेली होती तिथे एक बारीक चमक दिली. या एवढ्या भागाला झोतापेक्षा जास्त वेळ गेला.

छपाईचीही काळजी असते. मऊ झोत स्क्रीनवर छान दिसतो आणि कागदावर पट्टे पट्टे होऊन येतो. त्यासाठी फाइल सुरुवातीपासून १६ बिटमध्ये ठेवावी आणि झोतावर थोडा नॉइज द्यावा. कॅमेऱ्याच्या फोटोत दाणा असतोच, झोत त्याच्याशिवाय गुळगुळीत राहिला तर वेगळा पडतो.

एका ठिकाणी मात्र मी हे काम करत नाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या मंदिरात ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी असा वर्षातून दोनदा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात येतात आणि चरणांपासून वर वर चढत जातात. कधी ढग आडवे येतात, कधी धूळ, कधी वाटेतली बांधकामं. किरणं कुठवर पोहोचली हे दरवेळी लक्ष ठेवून पाहिलं आणि नोंदवलं जातं. एकानं मला तसाच फोटो आणून किरणं मुखापर्यंत न्यायला सांगितलं. मी नाही म्हणालो. अल्बममधला झोत ही आठवणीची सजावट आहे आणि ज्यांचा अल्बम आहे त्यांना ती ठाऊक असते. किरणोत्सवाचा फोटो ही त्या संध्याकाळची साक्ष आहे, त्यात बोटभर ऊन वाढवलं तरी ती खोटी होते. वर्तमानपत्रात जाणाऱ्या फोटोलाही मी हाच नियम लावतो.

आता मी फोटोग्राफरना दोन गोष्टी सांगून ठेवतो. झोत हवे असतील तर सूर्य समोर किंवा तिरका समोर ठेवा आणि मागची बाजू अंधारी निवडा. दुसरं, सोबत धुपाटणं न्या. कोळशावर चिमूटभर धूप टाकून वाड्याच्या खिडकीखाली ठेवलं तर खोली भरायला पाच मिनिटं पुरतात. जागेच्या मालकाची परवानगी मात्र घ्या, आणि निखारे पूर्ण विझवूनच निघा. कोरेगावच्या एका पोरानं यंदा हे करून पाहिलं. त्याच्या फोटोत चौकटीच्या गजांमधून चार तिरिपा आल्या होत्या आणि चौथी मधेच तुटली होती, कारण नवरीनं हात पुढे केला होता. हाताची सावली धुरात पडली होती. अशी सावली कुठल्याच तयार रेजमध्ये मिळत नाही. मी तो फोटो नवीन शिकणाऱ्या पोरांना दाखवायला वेगळा काढून ठेवलाय.