पाळणे

गेल्या हिवाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने साप पाळण्याची परवानगी मिळवली. 'मिळवली' असे म्हणते, कारण मी ती दिल्याचे मला आठवत नाही. आम्ही ओहायोतल्या कोलंबस शहरात राहतो. मी वाढले मात्र रत्नागिरीजवळच्या एका घरात, जिथे दिवेलागणीनंतर सापाचे नावही घेत नसत, 'लांबडं' म्हणत. त्या घरातली माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. 'बोआ' म्हणजे काय, हे तिला सांगताना माझी भाषा पहिल्याच वाक्यात अडली. अजगर म्हणावे, तर अजगर अंडी घालतो आणि बोआ जिवंत पिलांना जन्म देतो. "म्हणजे मांडूळच की," आई म्हणाली. तिचे फारसे चुकले नव्हते. मांडूळ हा बोआचाच आपल्याकडचा आप्त. गुप्तधनाच्या खुळापायी त्याची चोरटी विक्री होते आणि तो घरात ठेवणे भारतात गुन्हा आहे. आमचा बोआ मूळच्या मध्य अमेरिकेतल्या जातीचा, पण पिंजऱ्यातच जन्मलेला, जेमतेम दोन फुटांचा.

साप आणण्याआधी दोन आठवडे त्याचे घर तयार हवे, अशी मी अट घातली. माझ्या मनात तो वेळकाढूपणा होता. प्रत्यक्षात ही एकच अट शहाणपणाची ठरली.

आम्ही चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकीच उंच काचेची पेटी आणली. तिला वरून जाळी होती. जाळीवर उष्णतेचा दिवा ठेवला आणि आपण मोठेच काम केले असे समजून झोपलो. सकाळी दिव्याखालचा तापमापक ४१ अंश सेल्सिअस दाखवत होता. पेटीत साप असता तर, हा विचार मुलाने बोलून दाखवला नाही, मीही नाही. त्याच दिवशी थर्मोस्टॅट आणला. बोआला एका टोकाला सुमारे ३२ अंशांची ऊब लागते आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपासचा गारवा. त्याचे रक्त स्वतः तापत नाही. ऊब हवी तेव्हा तो सरकत उबेकडे जातो, पुरे झाली की परत फिरतो. म्हणून पेटीत 'योग्य' असे एकच तापमान ठेवून भागत नाही. दोन टोके ठेवायची आणि त्यांच्यामधली निवड त्याच्यावर सोडायची.

दुसरी अडचण हवेची. बोआला साधारण साठ टक्के आर्द्रता मानवते. आमच्या घरात हिवाळाभर भट्टीची गरम हवा खेळते, त्यामुळे आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या वर जात नाही. मग जाळीचा बराचसा भाग झाकला, रुंद तोंडाचे पाण्याचे भांडे ठेवले आणि तळाशी पसरण्यासाठी नारळाच्या सोडणांचा चुरा आणला. देवदाराचा भुसा वापरू नये, त्यातले तेल सापांना बाधते, असे वाचले होते. चुरा भिजवला आणि स्वयंपाकघरात पावसाळ्यातल्या पडवीचा वास पसरला. आई बाहेर आली. पेटीकडे न बघताच म्हणाली, "सोडणं कुठे मिळाली तुला इथं?" त्यानंतर चुरा ओला ठेवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

शेवटी लपण्याच्या जागा. ऊब असलेल्या टोकाला एक, गार टोकाला एक. जागा अशी घट्ट हवी की सापाचे अंग सगळीकडून टेकेल. एकच ठेवली, तर त्याला ऊब आणि सुरक्षितपणा यांतून एकाची निवड करावी लागते आणि भ्यालेला प्राणी ऊब सोडतो. पेटीच्या तीन बाजूंना आम्ही बाहेरून काळा कागद लावला. मुलगा हिरमुसला. "मग तो दिसणार कसा?" त्याच्या प्रश्नात आमच्या दोघांची चूक होती. आम्ही घर त्याच्यासाठी बांधत होतो आणि काच आमच्यासाठी ठेवत होतो.

बोआ आला आणि आठवडाभर दिसलाच नाही. नियमच तसे होते. पहिला आठवडा हात लावायचा नाही. खाऊ घातल्यावर दोन दिवस उचलायचे नाही. गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्याने द्यायचा, हाताने नाही. आईला हे सगळे चटकन समजले. "म्हणजे सोवळ्यात आहे तो," ती म्हणाली.

मी हसले, पण मग त्या शब्दाशी अडखळले. मराठीत आपण जनावर पाळतो, तसाच शब्द पाळतो, पथ्य पाळतो, सोवळे पाळतो. पहिल्या वापरात मालकी ऐकू येते. उरलेल्या सगळ्यांत बांधील असतो तो पाळणारा. मला वाटत आले होते की 'कुत्रा पाळणे' आणि 'पथ्य पाळणे' हे एकाच शब्दाचे दोन दूरचे अर्थ आहेत. पेटीसमोर बसून ते एकच वाटू लागले. बोआ कोणताही नियम पाळत नव्हता. कुलूप त्याच्या पेटीला होते, दिनक्रम मात्र आमचा बांधला गेला होता.

त्याच सुमारास आईने एकदा संकोचत विचारले, "माझ्या खोलीचं दार लावून घेतलं तर चालेल का गं?" तिच्यासाठी मी खोली नीट लावली होती. उन्हाची खिडकी, जाड रजई, उशाशी पाणी. दार मात्र उघडे ठेवायला लावले होते, येता-जाता ती ठीक आहे ना, हे मला दिसावे म्हणून. चार महिने ती त्या उघड्या दारात राहिली होती. मी काही बोलले नाही. दार लावून घेतले आणि तेव्हापासून टकटक करून आत जाऊ लागले.

मार्चमध्ये बोआने कात टाकली. एकसंध, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. हवा पुरेशी दमट असल्याची ती खूण. मुलाने ती आजीच्या हातात ठेवली. तिने ती बराच वेळ हातात धरली आणि विचारले, "हे जनावर जगतं किती?"

"वीस ते तीस वर्षं," तो म्हणाला.

आईने मनाशी हिशेब केला. चार वर्षांनी हा कॉलेजला जाणार. ती शहात्तरची, मी पन्नाशीची. "म्हणजे," माझ्याकडे बघत ती म्हणाली, "तू माझ्या वयाची होशील, तेव्हाही चुरा भिजवायचा आहेच."